सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड

अंगणवाडीचं कुलूप अजून उघडलेलं नाही, तरी ओट्यावर चार मुलं येऊन बसली आहेत. त्यांतली थोरली आठ-नऊ वर्षांची. तिचं अंगणवाडीचं वय केव्हाच सरलंय. कडेवरच्या वर्ष-सव्वा वर्षाच्या भावासाठी ती इथे आली आहे. त्याच्या अंगात बाहीला गाठ मारलेला मोठ्या माणसाचा स्वेटर. ती त्याला या कमरेवरून त्या कमरेवर घेते आणि रस्त्याकडे बघत राहते. पाठीला शाळेचं दप्तरही आहे.

डहाणू तालुक्यातला हा वारली पाडा. डिसेंबरातली सकाळ. पश्चिमेला कोसबाडची टेकडी धूसर दिसते. तिच्यापलीकडे घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, मग समुद्र. पाड्यात आत्ता म्हातारी माणसं, मुलं आणि कोंबड्या. उजाडताच टेम्पो येऊन बायकांना चिकू निवडायला आणि पेट्या भरायला घेऊन गेलाय. काही घरांच्या दारांना दोरीच बांधलेली आहे. ती माणसं दिवाळी झाल्या झाल्या भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेली. आता पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतायची नाहीत.

मदतनीस ताई हंडा घेऊन येतात, कंबरेची किल्ली काढतात, दार उघडतात. पाच मिनिटांत खोली झाडून होते, चटई पडते, दोन हंडे पाणी हापशावरून येतं. मग त्या पाड्यात फेरी मारतात. जी मुलं उठलेली नाहीत त्यांना उठवून, तोंड धुऊन, हाताला धरून आणतात. कोणाच्या डोळ्यांत अजून झोप आहे, एकाच्या हातात शिळ्या भाकरीचा तुकडा. आईनं सहाला चूल विझवली त्याला तीन तास होऊन गेले.

साडेनऊला सेविका ताई पोहोचतात. तीन किलोमीटर चालत आल्या आहेत. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टरं, चार्जर, खडूचा डबा. वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली आहे. आल्या आल्या थोरलीच्या कडेवरचं बाळ त्या स्वतःकडे घेतात.

“आयस कुठे गेली रे तुझी?”

“वाडीला,” थोरली त्याच्या वतीनं सांगते.

“आणि आजी?”

“तापलीय.”

ताई काही बोलत नाहीत. बाळाची बाही वर सरकवतात आणि डब्यातून दंडघेराची पट्टी काढतात. पट्टी दंडाभोवती फिरते, बाण पिवळ्यात थांबतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम. ताई आकडा रजिस्टरात लिहितात, मागच्या महिन्याचा आकडा बघतात आणि दोन्हीकडे मलाही बघू देतात. घेर कमी झाला आहे.

“खायला नाही असं नाही हो,” त्या मला म्हणतात. “घरात तांदूळ आहे. माझ्याकडे पाकिटं आहेत. पण एवढं पोर एका वेळी दोन घास खातं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा बसून भरवायला लागतं. भरवणार कोण?”

ताई हा प्रश्न सहज विचारून जातात, पण माझ्या डोक्यातून तो दिवसभर हलत नाही. कुपोषणावर आपण अनेक वर्षं लिहितो, बोलतो, शिजवलेल्या खिचडीचे ग्रॅम मोजतो. सव्वा वर्षाच्या मुलाच्या तोंडात घास घालायला मोकळा हात लागतो, आणि तो हात सकाळी सातच्या टेम्पोत बसून गेलेला असतो. सरकारी हिशेबात पाकिटाची किंमत धरलेली आहे. त्या हाताची धरलेली नाही.

ताई आता मोबाइल घेऊन चिंचेखाली उभ्या आहेत, कारण रेंज तिथेच मिळते. अंगणवाडी उघडली हे ॲपवर नोंदवायचं, हजेरी भरायची, मुलांचा फोटो चढवायचा. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा जो शिधा, टीएचआर म्हणतात तो, त्यासाठी आता चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. आई समोर हवी, तिनं कॅमेऱ्याकडे बघायला हवं. आई वाडीत आहे. खोलीतल्या फळीवर पाकिटं रचून ठेवली आहेत, नावांच्या चिठ्ठ्या लावून. ताई ती संध्याकाळी घरोघर घेऊन जातात, आईचा चेहरा अंधारात मोबाइलला ओळखू येईल तेव्हा येईल.

फोटो चढतो. ताई आत येतात, मोबाइल पिशवीत टाकतात आणि त्यांचा आवाजच बदलतो.

मुलं गोल करून बसली आहेत. मधोमध सूप. सुपात चिंचोके, सीताफळाच्या बिया, गुंजा आणि शिंपले एकत्र कालवलेले. ताई शब्द न बोलता एक चिंचोका उचलतात आणि एका द्रोणात ठेवतात. मग एक शिंपला, दुसऱ्या द्रोणात. हात मागे घेतात. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी पुढे सरकते. लाल रिबीन, एका पायात चांदीचा वाळा. ती चिंचोके वेचू लागते. मध्येच तिच्या हाती सीताफळाची बी येते. तीही काळी, तीही गुळगुळीत. ती चिंचोक्यांत टाकते. शेजारचा मुलगा ओरडायला तोंड उघडतो तसं ताई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतात. थांब. मुलगी आणखी तीन चिंचोके टाकते, थबकते, द्रोणात बोट घालते आणि ती बी शोधून बाहेर काढते. उजेडाकडे धरून बघते. मग तिला वेगळा द्रोण मागते.

ताई फक्त द्रोण देतात. शाबासकीदेखील देत नाहीत, कारण मुलीला आत्ता शाबासकीशी काही घेणं नाही. ती दुसरी बी शोधते आहे.

मी शहरातल्या नावाजलेल्या नर्सऱ्या पाहिल्या आहेत. तिथे वर्षाची फी लाखाच्या घरात असते, लाकडी साहित्य परदेशी असतं, आणि मुलाची चूक दुरुस्त करायला पुढे आलेला शिक्षिकेचा हातही मी तिथे पुष्कळदा पाहिला आहे. इथे तो हात मागे राहिला. मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडू देणं हे बालशिक्षणातलं सगळ्यांत अवघड कसब आहे. ते या खोलीत, पत्र्याखाली, फुकट मिळणाऱ्या बियांवर चाललं आहे. घरात वारली बोलणाऱ्या मुलांशी ताई आधी वारलीत बोलतात, मग तेच मराठीत. गाणं म्हणतात तेव्हा दोन्ही बोली एकाच ओळीत येतात, आणि मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही.

हे कसब इथे आकाशातून पडलेलं नाही. खिडकीतून जी टेकडी दिसते तिथून ते खाली उतरलं आहे. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्यात परवडणार नाही, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडला गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. आणि विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधली. कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की, धाकट्याला सांभाळायची सोय झाल्याशिवाय थोरली शाळेत येत नाही.

१९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज देशात जवळजवळ चौदा लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास. एवढा मोठा पसारा सार्वजनिक पैशावर उभा राहिला, याचं मोल मी कमी लेखत नाही. ही खोली त्यातूनच उभी आहे. पण योजनेनं अंगणवाडी उचलली आणि पाळणाघर मागे राहिलं.

थोरली अजून ओट्यावरच आहे. शाळेची घंटा इथवर ऐकू येते. ताई तिला खूण करतात, जा. बाळ मदतनीस ताईंच्या मांडीवर आहे. ती उठते, दोन पावलं जाते, बाळ रडायला लागतं, ती परत येते. असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा मदतनीस ताई बाळाला उचलून मागच्या दारी कोंबड्या दाखवायला नेतात आणि मुलगी दप्तर सावरत पळत सुटते. एकला तिला परत यावं लागेल, मधल्या सुट्टीत. नंतर ती शाळेत जाईल की नाही, ते आजीच्या तापावर.

अकरा वाजतात. चुलीवर खिचडी चढली आहे, बाजूला पातेल्यात अंडी उकडताहेत. इथे आदिवासी भागात एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, तिच्यातून मुलांना आठवड्यातले काही दिवस अंडं किंवा केळं मिळतं. अंडी सोलायचं काम मुलांनाच दिलंय. टरफल जमिनीवर पडू न देता वाटीत टाकायचं. एक मुलगा अंडं सोलून, दोन्ही हातांत धरून, वास घेत बसला आहे. खात नाही. “घरी नेऊ?” विचारतो. ताई म्हणतात, “आधी तू खा. घरच्यांचं मी बघते.”

पूरक आहारासाठी तीन ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ साली ठरला. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. आठ रुपयांत ठरवून दिलेल्या कॅलरी आणि प्रथिनं मुलाच्या पोटात जायला हवीत, आणि त्यातच तेल, मीठ, सरपण, बचत गटाच्या बायकांची मेहनत. तेव्हापासून तेल आणि डाळ कुठे गेली, हे मराठी घरात कोणाला सांगायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात हे दर योग्य तेवढे वाढवण्याचं सांगितलं, म्हणजे ते अपुरे आहेत हे सरकारलाही मान्य आहे. खिचडीत आज पालेभाजी आहे. ती ताईंनी येताना स्वतःच्या परड्यातून खुडून आणली. मोहरी-हळदही त्यांच्याच घरची. ही पदरमोड रोजची. तिची नोंद करायला कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही.

बाराच्या सुमाराला तीन बायका येतात. दोघी गरोदर, एकीच्या ओटीत चार महिन्यांचं बाळ. अमृत आहार योजनेतूनच त्यांना इथे रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं: भात, वरण, भाजी, भाकरी, अंडं. मुलांची पंगत उठली की यांची बसते. मीही बाजूला बसतो.

ओली बाळंतीण आधी काही बोलत नाही. भात कालवता कालवता मध्येच म्हणते, “पुढच्या महिन्यापासून मी पण वाडीला.”

“इतक्यात?” ताई विचारतात.

“मुकादम म्हणतो, आली नाहीस तर दुसरी ठेवतो.”

“आणि ह्याला?”

ती बाळाकडे बघते. तिच्या घरात सासू नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात, ती ते नाकारत नाही, तेल-साबण-मीठ त्यातूनच येतं असं सांगते. पण दीड हजारांनी बाळाला सांभाळणारं माणूस मिळत नाही आणि वाडीची मजुरीही भरून निघत नाही. कायद्यानं २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. ती कचेरी-कारखान्यातल्या बाईसाठी. टेम्पोत बसून जाणाऱ्या बाईच्या हातात तो कागद कोणी दिलेला नाही.

सहा वर्षांखालच्या मुलाला आपल्या देशात शिक्षणाचा हक्क नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला, आणि त्याआधीच्या वयासाठी कलम ४५ मध्ये राज्यानं प्रयत्न करावा एवढंच ठेवलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ते चांगलं झालं. त्यामागे हक्काचं बळ मात्र आलं नाही. हक्क नसला की पैसा मर्जीवर येतो. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची ‘पाळणा’ योजना केंद्रानं २०२२ साली आणली आहे. उद्दिष्ट देशभरात १७ हजारांचं. चौदा लाखांसमोर सतरा हजार. या पाड्यापर्यंत ही योजना अजून आलेली नाही.

जेवणं होतात. मदतनीस ताई भांडी घेऊन मागे जातात. बाळ आता त्यांच्या पाठीला लुगड्यानं बांधलेलं आहे आणि झोपलं आहे. सकाळपासून त्याला त्यांनी चार वेळा भरवलं, दर वेळी तीन-चार घास. मी मोजत होतो, त्यांनी मोजलं नसावं. मुलांना सांभाळणं, भरवणं, धुणं-पुसणं हे त्यांच्या कामात येतं. महिना साडेसात हजार, वर कामगिरीचा भत्ता मिळाला तर हजार. सेविकेला तेरा हजार आणि भत्त्याचे दोन हजारांपर्यंत. ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस झालेल्या वाढीनंतरची. त्यात केंद्राच्या हिशेबात सेविकेचे धरलेले ४,५०० रुपये २०१८ सालचे. वरचं राज्य घालतं.

“वाढ अशीच नाही झाली,” ताई म्हणतात. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून २०२४ च्या जानेवारीअखेरपर्यंत, सात आठवड्यांहून अधिक काळ, राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर होत्या. ताई आझाद मैदानावर गेल्या होत्या. “पाड्यातल्या बायका मला म्हणायच्या, ताई, लवकर ये, पोरं रानात फिरतात. मी म्हणायची, मी तुमच्यासाठीच बसलेय. आम्ही उपाशी, तर पोरं काय शिकणार?”

२५ एप्रिल २०२२ च्या निकालाची झेरॉक्स त्यांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली आहे. गुजरातेतल्या सेविकांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला आणि हे अर्धवेळ काम आहे हे सरकारपक्षाचं म्हणणं मान्य केलं नाही. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्या कागदात काय आहे ते त्यांना ओळीनं सांगता येतं.

एक वाजला. पाठीवरचं बाळ जागं होतं. शाळेच्या बाजूनं थोरली येताना दिसते. ती खोलीत न येता दारातच उभी राहते, भावाला घ्यायला हात पुढे करते. मदतनीस ताई म्हणतात, “जा परत. मी ठेवते आज. माझ्या घरी नेते.” मुलगी दोन क्षण थांबते, खरंच का म्हणून बघते, आणि वळते. मदतनीस ताईंच्या घरी त्यांची स्वतःची नातवंडं आहेत, रानातून मोळी आणायची आहे. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. रोज हे त्यांच्या जिवावर चालायचं नाही, आणि चालूही नये.

ओल्या बाळंतिणीच्या मनात मघापासून काहीतरी घोळत असावं. ती विचारते, “ताई, इथेच ठेवता नाही येणार का पोरांना? संध्याकाळपर्यंत?”

“खोली आहे. चूल आहे. माणूस नाही. माणसाला पैसे कोण देईल?”

“पंचायतीत पैसे येतात म्हणतात ना? ते पेसाचे?”

ताई माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे. पैसे येतात. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के हिस्सा पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे थेट येतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभेनं ठरवायचं. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. गल्ली-गटारं, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर यांच्यापुढे या विषयाची पाळी येतेच असं नाही, कारण मागणी करायला सभेत बायका नसतात. त्या वेळी त्या वाडीत असतात.

“सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे,” ताई म्हणतात. “त्या दिवशी टेम्पो नसतो. आणि तिच्याआधी आपली महिला सभा. तिथे आधी ठराव करायचा.”

“लिहायचा कोणी?”

“मी सांगते, तू लिही. तू नववीपर्यंत गेलीस.”

वही निघते, अंगणवाडीचीच, मागच्या कोऱ्या पानांची. बाळ एका गरोदर बाईच्या मांडीवर जातं. बाळंतीण मांडी घालून बसते, पेन दोनदा झटकते. ताई सांगू लागतात: आमच्या पाड्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं इतकी, आया मजुरीला जातात, अंगणवाडी दीडला बंद होते. ती एकेक अक्षर जपून लिहिते. पाळणाघरासाठी पाड्यातल्याच दोन बायका नेमाव्यात. त्यांना मजुरीइतके पैसे मिळावेत.

“त्याच्याहून कमी लिहू नको,” मदतनीस ताई मागच्या दारातून सांगतात. “कमी लिहिलं की त्याच्याहून कमी देतात.”

“वेळ काय लिहू? पाच?”

“पाचला कोण येतं?” पंगतीतली दुसरी बाई म्हणते. “टेम्पो सातला सोडतो.”

“मग सात लिही,” ताई म्हणतात. “सकाळी सात ते संध्याकाळी सात. आणि खाली पाड्यातल्या सगळ्या आयांचे अंगठे. मी आज पाकिटं द्यायला घरोघर जाणारच आहे. शाईचा पॅड आहे माझ्याकडे.”